वजनकाट्याचे चार पाय

बायको गेली त्या दिवशी सकाळी सव्वादहाला डॉक्टर बाहेर आले, चष्मा काढून खिशात ठेवला आणि मला म्हणाले, "बसा." मी बसलेलोच होतो. तेव्हाच कळलं.

तासाभराने मुलाला फोन लावला. तो परदेशात असतो. तिकडे संध्याकाळ होती, आणि मागे बाळ कशावर तरी चमचा आपटत होतं. मी सांगितलं. चमच्याचा आवाज तेवढा येत राहिला. मग त्याने विचारलं, "शेवटी काही म्हणाली का?"

"शुद्धीवर होती तोवर बाळाचं वजन किती झालं, ते विचारत होती."

"अजून तिच्या मनात तेच होतं?"

"हो."

तो रडायला लागला. लहानपणी रडायचा तसाच, आधी नाक ओढून मग आवाज. म्हणाला, "बाबा, मी आईला कधीच माफ केलं होतं हो. फक्त तसं सांगायचं राहून गेलं."

मी म्हणालो, "बरं."

त्याच्या आईने माफ करण्यासारखं काही केलंच नव्हतं. हे मला "बरं" म्हणतानाही माहीत होतं, आणि त्याच्या चार महिने आधीपासून माहीत होतं.

मी वजनकाटे दुरुस्त करायचो. हात थरथरायला लागले म्हणून बंद केलं, पण एक्केचाळीस वर्षं केलं. किराणा दुकानातले, सोनारांचे, भंगारवाल्यांचे, कारखान्यात ज्यावर आख्खा ट्रक चढतो ते. माझ्या हातून गेलेला काटा खोटा निघाला असं कुणी कधी म्हटलं नाही. दोन-तीन दुकानदारांनी काटा थोडा त्यांच्या बाजूने करून द्या म्हणून गळ घातली होती, त्यांना मी दुकानाची पायरी चढू दिली नाही. याचा मला फार अभिमान होता. बायको चिडवायची, "बाहेर एक ग्रॅम इकडचा तिकडे होऊ देत नाहीत, आणि घरात कढईभर भाजी एकटे खातात."

ती घरी पाळणाघर चालवायची. बावीस वर्षं. पावणेदोनशे पोरं तिच्या हाताखालून गेली. रस्त्यात मिशा फुटलेली मुलं वाकून नमस्कार करायची, आणि ही त्यांना सगळ्यांसमोर म्हणायची, "अरे, तू तर चड्डी ओली झाली की दाराआड लपायचास!" बाळ घेणं हे तिचं काम होतं. कुठलंही बाळ तिच्या खांद्यावर गेलं की दोन मिनिटांत गप्प व्हायचं. आमचा मुलगा एकुलता एक. त्याचं बाळ हातात घ्यायचं एवढीच तिची शिल्लक इच्छा होती, आणि ती ते बोलून दाखवायची नाही, नुसत्या पिशव्या भरत राहायची.

नात दोन महिने आधी जन्मली. वजन एक किलो नऊशे. सव्वीस दिवस काचेच्या पेटीत होती. त्यामुळे त्या घरात वजन हाच देव झाला होता. सुनेने फ्रिजवर एक तक्ता लावला होता. दवाखान्याने त्यावर एक वाकडी रेघ छापून दिली होती, आणि बाळाचा ठिपका त्या रेघेच्या खाली जाता कामा नये, असं होतं. दर रविवारी सकाळी सून बाळाला काट्यावर ठेवायची आणि लाल पेनने ठिपका द्यायची. आम्ही पोचलो त्याच्या आदल्या रविवारचा ठिपका चार किलो दोनशेचा होता, रेघेच्या बराच वर.

आम्ही बुधवारी पोचलो. सहा आठवडे राहायचं ठरलं होतं. सुनेने त्याच संध्याकाळी तक्त्यावर बुधवारच्या जागी पेन्सिलने लिहिलं, "आई-बाबा आले." शेजारी एक हसरा चेहरा काढला. मनाने वाईट नाही ती. घाबरलेली होती.

घर छोटं होतं. आम्हाला बाळाची खोली दिली आणि बाळाचं सगळं सामान हॉलमध्ये हलवलं. बाळाच्या खोलीला लाकडी जमीन होती. हॉलमध्ये गालिचा होता, जाड, पाऊल घोट्यापर्यंत बुडेल असा. पाळणा खिडकीशी गेला, कपडे सोफ्यामागे, आणि काटा सोफ्याच्या बाजूला गालिच्यावर.

मी आत पाऊल टाकलं तेव्हाच माझी नजर त्याच्यावर गेली. दुसऱ्या कुणाची जाणार नाही. काट्याला खाली चार पाय असतात आणि त्या पायांमध्ये वजन मोजणारा भाग असतो. सगळा भार त्या चार पायांवरच यायला हवा. मऊ जागेवर पाय रुततात, काट्याचं पोट गालिच्याला टेकतं आणि थोडा भार पोटावर जातो. पोटावर गेलेला भार आकड्यात येत नाही. दुकानात पोत्यावर काटा ठेवणाऱ्याला मी पहिल्यांदा हेच सांगायचो. काटा कडक जमिनीवर ठेव, बाबा.

मुलालाही सांगितलं असतं. पण त्याआधी वॉशिंग मशीनचं झालं.

दुसऱ्याच दिवशी मशीन फिरताना थडथडत होतं. मी बघितलं, एक पाय अधांतरी. पुठ्ठ्याची घडी करून खाली सरकवली. मशीन गप्प. मी खूश. शुक्रवारी पुठ्ठा भिजला, सरकला, आणि मशीन जाऊन भिंतीवर आदळलं. दोन फरशा फुटल्या, बाळ दचकून उठलं. मुलगा कामावरून आला, फरशांकडे बघितलं आणि माझ्या बायकोसमोर, सुनेसमोर मला म्हणाला, "बाबा, हे तुमचं दुकान नाही. सहा आठवडे या घरात कशालाही हात लावू नका. एक वस्तूसुद्धा सरकवायची नाही. जमेल?"

"जमेल," मी म्हणालो.

"अरे, त्यांना वाटलं मदत होईल," बायको म्हणाली.

"आई, मदत नको म्हणूनच सांगतोय."

पहिल्या रविवारी सुनेने बाळाला काट्यावर ठेवलं. चार किलो एकशे पन्नास. तिने उचलून परत ठेवलं. तेवढंच. तिचे ओठ पांढरे पडले.

"कमी झालं," ती म्हणाली. "अहो, कमी झालंय."

मी सोफ्यावर होतो. म्हणालो, "तो काटा तिथे..."

मुलाने नुसता हात वर केला. रस्त्यावर गाडी थांबवतात तसा. "बाबा. आत्ता नको."

मी थांबलो. इथपर्यंत माझी चूक नाही, असं मी अजून स्वतःला सांगतो.

सोमवारी दुपारी मुलगा कामावर, सून आणि बाळ झोपलेली, बायको आंघोळीला. मी स्वयंपाकघरातून साखरेचे एक-एक किलोचे चार न फोडलेले पुडे आणले आणि काट्यावर ठेवले. तीन किलो आठशे. काटा उचलून स्वयंपाकघरातल्या फरशीवर नेला, तेच पुडे ठेवले. चार किलो. काटा चोख होता. गालिचा दोनशे ग्रॅम खात होता. बाळाचं वजन घटलं नव्हतंच, वाढलं होतं.

काटा परत हॉलमध्ये आणला. गालिच्यात पायांचे चार खळगे पडले होते. बरोबर त्या चार खळग्यांत चार पाय बसवून ठेवला, काही सरकवलं असं कुणी म्हणू नये म्हणून.

ठरवलं होतं, संध्याकाळी सांगायचं. कसं सांगायचं तेही ठरवलं होतं. पुडे आणायचे, सगळ्यांसमोर मांडायचे, काही न बोलता काटा फरशीवर न्यायचा. मुलाच्या तोंडाकडे बघायचं. मला ती ऐट करायची होती.

संध्याकाळी मुलाचा साहेब बाळाला बघायला आला. आपल्याकडचाच माणूस. मुलाने ओळख करून दिली, "हे बाबा. रिटायर्ड आहेत. इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये होते."

बायको पाणी घेऊन येत होती. ती हसली. "इन्स्ट्रुमेंटेशन कसलं! काटे दुरुस्त करतात. त्याच काट्यांवर शिकलाय हा."

साहेबही हसले, चांगले हसले, म्हणाले त्यांच्या आजोबांचं किराणा दुकान होतं. पण मुलगा हसला नाही. साहेब गेल्यावर तो आईला म्हणाला, "कुठे काय बोलावं याचा पोच नाही तुला." माझ्याकडे त्याने बघितलंही नाही.

मी पुडे आणले नाहीत. मनात म्हटलं, काट्याचं काही अडलं तर विचारतील. आता विचारल्याशिवाय सांगायचं नाही. जन्मभर लोकांनी माझ्याकडे येऊन विचारलं आहे. घरात एक काटेवाला बसलाय आणि काट्याबद्दल त्याला कुणी विचारत नाही, तर बसू दे त्यांना.

मला वाटलं होतं दोन दिवसांत विचारतील. मग हसू, चिडवाचिडवी, आणि मिटेल.

त्यांनी काट्याबद्दल विचारलं नाही. त्यांनी आईबद्दल विचारलं.

दुसऱ्या रविवारी काटा पुन्हा चार एकशे पन्नास म्हणाला. पाय रोज आणखी रुतत होते. बाळ जेवढं वाढलं तेवढं गालिच्याने खाल्लं. फ्रिजवरचा ठिपका रेघेवर येऊन टेकला. सुनेने दवाखान्यात फोन केला. तिथल्या नर्सने विचारलं, बाळ खेळतंय का, लंगोट ओले होताहेत का. होताहेत. मग नेमलेल्या तारखेलाच आणा, म्हणाली, आणि दुधाशिवाय काही देत नाही ना? सुनेने फोनवर हात ठेवून बायकोकडे बघितलं.

बाळ दिवसभर बायकोकडेच असायचं. सून रात्रीच्या जागरणाने दुपारी झोपायची. बायको बाळाला "गाठोडं" म्हणायची. "काय गं गाठोड्या, कुणी बांधलं तुला एवढं घट्ट?" हॉलमधून सारखा तिचा आवाज. मी खोलीत एकटा बसून खिडकीतून गाड्या मोजायचो. तिकडे मला कुणी ओळखत नव्हतं, दुकान नव्हतं, भाषा येत नव्हती, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदाच बायकोला माझ्याशी बोलायला वेळ नव्हता. हेही सांगून टाकतो.

त्या रविवारी जेवण झाल्यावर मुलाने ताटं उचलू दिली नाहीत.

"आई, एक विचारतो. रागावू नकोस. बाळाला दुधाशिवाय काही देतेस का?"

"नाही रे. मी कशाला देईन?"

"पाणी? साखरपाणी? तुमच्या वेळेला देत होते काही काही."

"सांगितलं ना, नाही."

सून म्हणाली, "आई, प्लीज, खरं सांगा. पाण्याने पोट भरलं की दूध पीत नाहीत ती. डॉक्टरांनी मला बजावून सांगितलंय."

"अगं, पावणेदोनशे पोरं वाढवली मी."

"ती नऊ महिने पुरे भरून जन्मलेली होती, आई."

मुलगा माझ्याकडे वळला. "बाबा, तुम्ही सांगा. तुम्ही खोटं बोलत नाही. आईने काही दिलं का?"

अकरा दिवसांत त्याने मला पहिल्यांदा काही विचारलं होतं.

आणि दिलं होतं. गुरुवारी बाळाची उचकी थांबेना म्हणून बायकोने उकळून गार केलेलं पाणी दोन चमचे पाजलं होतं. आत येऊन मला म्हणाली होती, "सुनेला सांगू नका हं, उगाच घाबरेल." दोन चमचे. दहा ग्रॅम. माझ्या सोन्याच्या काट्यावरच दिसले असते.

मी म्हणालो, "पाणी दिलं होतं."

बायकोने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. वर्गात शेजारच्या मुलाने नाव सांगावं तसं.

"दोन चमचे," ती म्हणाली. "एकदाच. उचकी लागली होती म्हणून."

"मग आत्ता नाही का म्हणालीस?" मुलाने विचारलं.

"घाबरले."

"आणखी किती वेळा दिलंस?"

"एकदाच रे."

"कसं मानायचं आता?"

उत्तर माझ्याकडे होतं. स्वयंपाकघरात साखरेचे पुडे होते, सात पावलांवर. मी तेव्हा उठलो असतो तर सगळं तिथेच संपलं असतं. पण मग मुलाने विचारलं असतं, कधीपासून माहीत आहे? सोमवारपासून, म्हणालो असतो. आज रविवार. सहा दिवस सुनेने रडत काढले आणि तुम्ही बघत बसलात? काय सांगितलं असतं? की माझ्या धंद्याचं नाव घ्यायला तुला लाज वाटली म्हणून?

मी छोटं खरं बोललो आणि मोठं खरं गिळून बसलो. मुलगा म्हणाला, "थँक्यू, बाबा."

दुसऱ्या दिवसापासून नियम झाला. सून जागी असेल तेव्हाच आईने बाळाला घ्यायचं. मग दोन दिवसांनी, घ्यायचं नाही, जवळ बसायचं. सुनेने कपाटावर एक छोटा कॅमेरा लावला. म्हणाली, "आई, हा सगळ्यांसाठीच आहे." कॅमेरा बायकोच्या खुर्चीकडे वळलेला होता. बाळ रडलं की बायकोचे हात आपोआप वर यायचे आणि मग ती ते मांडीखाली घालून बसायची. बाळ मान वळवून तिला शोधायचं. सुनेने मग खुर्ची दाराबाहेर ठेवली. "तुम्हाला बघितलं की ती माझ्याकडे नीट पीत नाही."

बायको खोलीत आली, दार लोटलं आणि पलंगावर माझ्याशेजारी बसली.

"अहो, खरंच दोन चमच्यांनी होत असेल का हो?"

"मला काय कळतं त्यातलं," मी म्हणालो.

"काचेच्या पेटीतली पोरं वेगळी असतील. माझ्या लक्षात यायला हवं होतं. हात शिवशिवतात ना सवयीने."

मी पत्ते काढले. तिथून निघेपर्यंत आम्ही रोज दुपारभर पत्ते खेळलो. ती हरायची, तिचं लक्ष नसायचं. माझे ते दिवस बरे गेले. ती पूर्ण माझ्याकडे होती. हे लिहिताना हात अडतो, पण तसंच होतं.

तिसऱ्या रविवारी चार किलो एकशे ऐंशी. ठिपका रेघेच्या खाली गेला. सून स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिली. मुलाने कुणाशीही न बोलता लॅपटॉप उघडला. जेवताना म्हणाला, "बुधवारची दोन तिकिटं मिळताहेत. सध्या जा तुम्ही. बाळ जरा सावरलं की बोलावतो परत."

"अरे, मी बाळाला हात लावत नाही आता," बायको म्हणाली. "कोपऱ्यात बसेन."

"आई, हिला ताण येतो तू असलीस की. ताणाने दूध कमी होतं. समजून घे."

"मी खोलीबाहेर येत नाही. जेवण आत द्या."

"आई!"

माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. मी आमटी संपवली.

बुधवारी निघताना ती दारातून वाकून बाळाला बघत होती. सून म्हणाली, "घ्या ना, आई, एकदा." तिला वाईट वाटत होतं, खोटं कशाला सांगू. बायकोने हात पुढे केले आणि मागे घेतले. "नको. झोपेल आता. उठवू नकोस." बूट घालताना मला म्हणाली, "चला हो, उशीर होईल." टॅक्सी यायला अजून अर्धा तास होता.

विमानात मी तिला सांगणार होतो. मनाशी पक्कं केलं होतं. पट्टे बांधायचा दिवा विझला, मी तिच्याकडे वळलो, आणि तीच आधी बोलली.

"एक सांगू? तुम्ही त्या दिवशी खरं बोललात ते बरं झालं. मी खोटं रेटलं असतं. बाळाचं काय झालं असतं मग? तुमच्यामुळे वाचलं ते."

तिने माझ्या हातावर हात ठेवला. मी डोळे मिटून घेतले. तिला वाटलं मला झोप आली. तिने स्वतःची शाल माझ्यावर घातली.

पुढच्या रविवारी मुलाचा फोन आला. स्पीकरवर. आवाज मोकळा होता.

"बाबा, चार किलो आठशे दहा! एका आठवड्यात सहाशे तीस ग्रॅम! दवाखान्यातही परवा हेच दाखवलं. काटा आणि दवाखाना अगदी जुळतात. नर्स म्हणाली आता काळजी नाही."

आमची खोली रिकामी झाल्यावर बाळाचं सामान परत तिच्या खोलीत गेलं होतं. लाकडी जमिनीवर. मी विचारलंही नाही, मला माहीत होतं. आठवड्यात सहाशे तीस ग्रॅम कुठलंच बाळ वाढत नाही, हे त्यालाही कळायला हवं होतं, शिकलेला माणूस. पण आकडा हवा तसा आला की काटा कुणी तपासत नाही. एक्केचाळीस वर्षांत एकही गिऱ्हाईक माझ्याकडे काटा जास्त दाखवतो म्हणून आलं नाही.

"बघितलंस, आई?" मुलगा म्हणाला. टोमणा नव्हता तो. त्याला खरंच वाटत होतं की आईलाही आनंद होईल.

"हो रे बाबा," ती म्हणाली. "देव पावला."

त्याने तक्त्याचा फोटो पाठवला. लाल ठिपके चढत येतात, मग पेन्सिलने "आई-बाबा आले" आणि हसरा चेहरा, मग तीन ठिपके आडवे पडलेले, मग एकदम उडी. बायकोने तो फोटो मोठा करून बघितला. चष्मा लावून, बोटाने सरकवत. रोज बघायची. चहा घेताना, भाजी निवडताना. मी एकदा म्हणालो, "पुसून टाक ना तो." ती म्हणाली, "राहू दे. लक्षात राहतं."

समोरच्या घरातल्या बाईला महिन्याभराने नातू झाला. ती त्याला दुपट्यात गुंडाळून आमच्याकडे घेऊन आली. "जरा धरा हो, वहिनी. मी खालून दूध घेऊन येते. तुमच्याइतकं कुणाकडे शांत राहत नाही."

बायको दारात उभी होती. दोन पावलं मागे सरकली. "माझ्याकडे नको."

"अहो, पाच मिनिटं."

"माझा हात चांगला नाही. यांच्याकडे द्या."

त्या बाईने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि बाळाला घेऊन परत गेली. मला वाटतं तिने ते घरोघरी सांगितलं असणार. त्यानंतर आमच्या दारात कुणी बाळ आणलं नाही. पाळणाघराची जुनी खेळणी बायकोने एका पोत्यात भरली आणि भंगारवाल्याला दिली. तो माझा जुना गिऱ्हाईक. पोतं त्याने माझ्याच हातच्या काट्यावर ठेवलं. अकरा किलो भरलं.

मी रोज ठरवायचो. सकाळी ठरवायचो दुपारी सांगू, दुपारी वाटायचं आत्ताच ती जरा हसली, कशाला. तिला सांगायचं म्हणजे एवढं सांगून भागणार नव्हतं की तू निर्दोष आहेस. हेही सांगावं लागलं असतं की मला सोमवारपासून माहीत होतं, की तू हात मांडीखाली घालून बसायचीस तेव्हा माहीत होतं, की पत्ते वाटताना माहीत होतं. ती माझ्यावर एवढी वर्षं ज्या एका गोष्टीसाठी विसंबली, तीच गेली असती. तिच्या नजरेतून उतरण्यापेक्षा मी तिला तशीच राहू दिलं. ती खंगत गेली. मग एका पहाटे छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात नेईपर्यंत शुद्धीवर होती. स्ट्रेचरवर माझी बाही धरून म्हणाली, "विचारा ना त्याला, किती झालं वजन. सात तरी झालं का?"

"झालं," मी म्हणालो. "सातच्या वर आहे."

"कुणी काही पाजत नाही ना?"

"नाही."

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. दोन वाक्यं लागली असती. स्ट्रेचर लिफ्टपाशी थांबलं होतं, वेळ होता. मी लिफ्टच्या आकड्यांकडे बघत उभा राहिलो.

मुलगा चार दिवसांसाठी येऊन गेला. तिचं कपाट आवरलं. दुकानात येऊन प्रमाण वजनांच्या पेटीवरून हात फिरवला, म्हणाला, "हे टाकू नका, बाबा. बाळाला दाखवायला न्यायचंय कधीतरी." मग थोड्या वेळाने म्हणाला, "आईवर मी जरा जास्तच कडक झालो का हो?"

त्याने पुन्हा मलाच विचारलं होतं. मी म्हणालो, "तू तरी काय करणार."

या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं. सून परत बाळंत झाली. मुलगा झाला, हाही वेळेआधीच, दोन किलो शंभर. येत्या बुधवारी सुनेची आई इथून निघते आहे, बाळाला बघायला. काल भेटायला आली होती, माझ्याकडून काही न्यायचं आहे का विचारायला. खुशीत होती. तीन लोकरीची टोपडी विणलीत, दाखवली. म्हणाली, "मला बाळाची खोली देणार आहेत म्हणे. बाळाचं सामान हॉलमध्ये हलवताहेत. मी म्हटलं, कशाला एवढी तसदी!"

फ्रिजवर नवा तक्ता लागलाय. काटा तोच आहे. गालिचा काढला का, असं मी तिला सहज विचारलं. म्हणाली, नाही, छान आहे की तो, मऊ.

मी मुलाला अजून फोन केलेला नाही.